कोबॉट घ्यायचा तर आधी ग्रिपर बघा, हात नंतर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आपल्या भावानं विचारलंय की दोन सीएनसी लेथच्या मध्ये एक कोबॉट (माणसांशेजारी काम करणारा रोबोटचा हात) बसवायचाय, सेल्सवाला म्हणायलाय कुंपण लागत नाही, माणसाला लागला की आपोआप थांबतो, तर घ्यावा काय आणि पोरांच्या नोकऱ्या जातील काय.

घ्या की, पण सेल्सवाल्याचं अर्धंच खरं आहे. हात थांबतोय हे बरोबर, पण त्या हाताच्या ग्रिपरनं, म्हणजे पुढच्या जबड्यानं, धरलेल्या जॉबचं (मशीनवर घडवायच्या तुकड्याचं) काय? आपल्याकडं फाउंड्रीतनं येणाऱ्या कास्टिंगला पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याच्या जोडावर, जी फ्लॅश (जादा धातूची पातळ कड) राहते ती ब्लेडसारखी असतीय. २०१६ ला कोबॉटच्या सेफ्टीचं आयएसओ टीएस १५०६६ आलं (आता ते २०२५ च्या आयएसओ १०२१८ मध्येच घातलंय), त्यात शरीराच्या कुठल्या भागाला किती जोर चालतो त्याचा तक्ता आहे, माणसाचा हात नाहीतर बोट चिमटलं तर १४० न्यूटन म्हणजे साधारण चौदा किलोचा जोर, तोंडाला फक्त ६५. पण त्यात प्रेशरची मर्यादा वेगळी दिलीय ते कोण सांगत नाही. तेवढाच जोर रबरी पॅडवरनं आला तर माणूस हात झटकून परत कामाला लागतोय, फ्लॅशच्या धारेवरनं आला तर टाके पडणार. म्हणजे सेफ हात विकत मिळतोय, सेफ काम तुम्हालाच बसवायला लागतंय.

दुसरं स्पीड. कुंपण नाही म्हणजे हात हळू फिरणार, आणि सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) चाळीस सेकंदाचा असला की लोडिंगला गेलेला वेळ लगेच टोचतोय. तुमच्यासारख्या ठिकाणी ऑपरेटर सारखा हाताशेजारी उभा नसतोय, ट्रे बदलायला, गेज लावायला मधनंमधनं येतोय. मग खाली एरिया स्कॅनर लावा, कोण जवळ नसताना जोरात, माणूस आला की हळू, एकदम जवळ आला की बंद. खर्च वाढतोय खरा पण माझ्या मते तो करावाच.

आता वजन, इथं सगळे फसतात. पाच किलोचा हात म्हणजे पाच किलोचा जॉब नव्हे हो. लेथवर डबल ग्रिपर लागतोय, एका जबड्यानं तयार जॉब काढायचा, मनगट फिरवायचं, दुसऱ्यानं कच्चा भरायचा, म्हणजे एका क्षणी दोन्ही जॉब हातात असतात. कच्चा १.८, तयार १.५, ग्रिपर १.५, झाले की ४.८ किलो! वर जॉब मनगटापासनं लांब धरला की क्षमता अजून कमी. ग्रिपर हवेवरचा असेल तर कॉम्प्रेसर बसला किंवा लाइट गेली तरी जॉब सुटला नाही पाहिजे, स्प्रिंगचा नाहीतर चेक व्हॉल्ववाला (आतली हवा अडवून धरणारा) मागा, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

चकमध्ये, म्हणजे लेथच्या जॉब पकडणाऱ्या भागात, जॉब बसवणं हे तर खरं कसब. माणूस जॉब लावताना बोटानं दाबून, जरा हलवून बघतोय आणि खाली चिप अडकलीय हे त्याला आवाजावरनंच कळतंय, कोबॉटला काय कळणार. जबड्यावर एअर ब्लो, मागनं दाबणारा स्प्रिंग पुशर आणि जमलं तर सीटिंग तपासणारा एअर सेन्सर, एवढं नसलं तर पहिल्याच रात्री स्क्रॅप. आणि मशीनचा दरवाजा ऑटो करताना इंटरलॉक (दरवाजा उघडा असला की मशीन चालू न देणारी सोय) बायपास करू नका, कितीही घाई असू दे.

कुंपण नको हा हट्ट नवा नाही म्हणा. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सनं २००८ ला पहिला हात विकला तो लिनाटेक्स कंपनीला, तोही सीएनसी लोडिंगलाच.

छोट्या बॅचचं म्हणाल तर कोबॉटचा खरा फायदा तिथंच आहे. हात धरून पॉइंट शिकवता येतात, जुना प्रोग्रॅम परत उघडता येतो. पण प्रोग्रॅम बदलायला दोन मिनिटं आणि जबडे, ट्रे बदलायला तासभर असं असलं तर काय उपयोग? ट्रेला, जबड्यांना लोकेटिंग पिना घाला आणि सेटअप शीट मराठी-कन्नड दोन्हीत मशीनवर चिकटवा, पेंडंटवर (कोबॉटच्या हातातल्या कंट्रोल स्क्रीनवर) सगळं इंग्लिश असतंय आणि सेकंड शिफ्टचा पोरगा कुठल्या शाळेत शिकलाय ते आपल्याला माहीत असतंय काय.

पोरांचं म्हणाल तर भातलावणीला, सुगीला आणि यात्रेला खानापूरकडची निम्मी माणसं जागेवर नसतात, तेव्हा हा उपयोगी पडेल. एरवी जॉब चढवण्या-उतरवण्यातनं सुटलेला माणूस ऑफसेट (टूलचं माप सुधारणं), इन्सर्ट (कापणारी टोकं बदलणं), डीबरिंग (जॉबच्या कडा साफ करणं) बघेल. शिकवायचं मात्र तुमच्या जुन्या ऑपरेटरला, नवीन डिप्लोमावाल्याला एकट्याला नको, कारण कुठला जॉब कुठं अडतोय ते जुन्यालाच ठाऊक. आणि कोणाला काढणार नाही हे मशीन यायच्या आधी मालकानं स्वतः सांगावं, नाहीतर ट्रे मुद्दाम वाकडा लागायला वेळ लागत नाही.

डेमोला त्यांचा ॲल्युमिनियमचा चकचकीत जॉब चालवून घेऊ नका, तुमचंच न घासलेलं कास्टिंग द्या. जॉबचं वजन, चकचा साइज आणि सायकल टाइम इथं टाका, मग पाच किलोचा पुरतोय की दहाचा लागतोय ते सांगतो.