कॉइलओव्हर मागवण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझा बोनस जमा झाला, कॉइलओव्हरचा (उंची बदलता येणाऱ्या, एकत्र बसवलेल्या स्प्रिंग आणि शॉकचा) सेट तू निवडूनही ठेवलास आणि आता काकाने ‘घे’ म्हणायचं तेवढं बाकी आहे, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. मी आज ‘घे’ म्हणणार नाही आणि ‘नको घेऊस’ही म्हणणार नाही. मला आधी तुझ्याकडून एक वाक्य हवं आहे: गाडी वळणाच्या कुठल्या टप्प्यात असं काय करते, जे तुला खटकतं? तू लिहिलंस, ‘सैल वाटते.’ एवढ्यावर निर्णय होत नाही. वळणात शिरताना पुढची चाकं वळायला उशीर लावतात, की वळणाच्या मध्यावर गाडी बाहेर ढकलली जाते, की बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागची बाजू निसटते, की डावं-उजवं वळण लागोपाठ आलं की गाडी डोलत राहते? या चार तक्रारींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि त्यातले सगळे काही त्या खोक्यात मिळत नाहीत.

तुझी सुबारू बीआरझेड ही स्पोर्ट्स कार 2014ची, 70 हजार मैल चाललेली, आणि तीही मिशिगनच्या, हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर. तू तुलना करते आहेस नव्या कॉइलओव्हरची आणि थकलेल्या मूळ सस्पेन्शनची. एवढ्या वापरानंतर शॉक ॲब्सॉर्बर ढिले पडलेले असतात, सांध्यांमधले रबरी बुश चिरतात, आणि हे इतकं सावकाश होतं की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही. ‘सेट बसवला आणि गाडीच बदलली’ असं लोक मनापासून सांगतात, पण त्यातला बराचसा फरक भाग नवे असण्याचाच असतो. म्हणून आधी गाडी लिफ्टवर चढवून घे. शॉकच्या दांड्यावरून तेल ओघळलंय का, बुशला भेगा आहेत का, बॉल जॉइंटमध्ये ढिलेपणा आहे का, वरच्या माउंटमधून आवाज येतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

मग टायर. ही गाडी कारखान्यातून मिशेलिन प्रायमसी एचपी, 215/45 आर17 या टायरवर निघाली. रुंदीने बेताचा आणि पकडीनेही बेताचाच टायर. सुबारू आणि टोयोटाने ही गाडी मिळून घडवली, आणि तिचे टोयोटाकडचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांना कमी वेगातही गाडीशी खेळता यावं असंच हवं होतं, त्यामुळे ही निवड जाणूनबुजून केलेली आहे. तुला पकड हवी असेल, तर ती रस्त्याला टेकलेल्या रबरात आहे. तू आत्ता ज्या ऑल-सीझन टायरवर फिरतेस, त्यांच्या जागी चांगले उन्हाळी टायर घातलेस तर जो फरक पडेल, तो कुठल्याही स्प्रिंगने पडणार नाही. आणि नव्या टायरवर गाडीचा स्वभावच बदलतो, त्यामुळे आज जी तक्रार आहे ती तेव्हा राहीलच असं नाही.

आता तुझ्या मनातल्या मुख्य समजुतीकडे येतो. वळणात गाडी कलते, म्हणून पकड जाते, म्हणून कडक स्प्रिंग हवी, असं तू धरून चालली आहेस. एक ढोबळ हिशेब करून बघू. गाडी सुमारे 1250 किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून 46 सेंटिमीटरवर (आडव्या सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनाची ही खरी देणगी), दोन चाकांमधलं अंतर 1.52 मीटर. 0.9 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.9 पट) एवढ्या जोराने वळलीस तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण 340 किलो भार सरकतो. या हिशेबात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच नाही. स्प्रिंग कितीही कडक घाल, एकूण सरकणारा भार जवळजवळ तेवढाच राहतो. गाडी 25 मिलिमीटर खाली बसवलीस तर तो 322 किलोच्या आसपास येईल. फायदा आहे, पण पाचेक टक्क्यांचा.

मग स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून कलणं रोखणारी दांडी) करतात काय? सरकणारा भार पुढच्या आणि मागच्या चाकांनी कसा वाटून घ्यायचा, हे ते ठरवतात. टायरवरचा भार दुप्पट झाला की पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या टोकाचा वाटा जास्त, त्या टोकाची पकड आधी संपते. पुढे कडक केलंस तर गाडी बाहेर ढकलली जाईल, मागे कडक केलंस तर मागची बाजू निसटेल. याचं सुरेख उदाहरण तुझ्याच गाडीच्या घराण्यात आहे. सायन एफआर-एस (हिचीच टोयोटाकडची जुळी बहीण) आणि बीआरझेड एकाच कारखान्यातून निघाल्या, पण बीआरझेडच्या पुढच्या स्प्रिंग थोड्या कडक आणि मागच्या थोड्या मऊ होत्या. तेवढ्यावर एफआर-एस चंचल आणि बीआरझेड शांत ठरली. त्यामुळे आपल्याला कुठला समतोल हवा आहे हे माहीत नसताना चारही कोपऱ्यांच्या स्प्रिंग एकदम बदलणं मला पटत नाही.

गाडी खाली बसवण्याबद्दल मात्र मी जरा कडकच बोलणार आहे. बीआरझेडला मागे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आहे, पण पुढे स्ट्रट (खाली एकच आर्म आणि वर शॉक-स्प्रिंगचा खांब). स्ट्रटची गाडी फार खाली आणली की खालचा आर्म चाकाच्या बाजूने वर चढतो. मग रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरतं आणि गाडीला कलायला मोठी तरफ मिळते. शिवाय चाक वर दबताना जो थोडाफार निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) मिळत होता, तोही मिळेनासा होतो. म्हणजे कलणं कमी करण्यासाठी गाडी खाली आणायची आणि त्याने वाढलेलं कलणं दाबायला आणखी कडक स्प्रिंग घालायची. त्यातच चाकाची वर जाण्याची जागा तेवढ्याच मिलिमीटरने घटते. ती संपली की शॉक बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडसरावर) टेकतो आणि त्या कोपऱ्याचा कडकपणा क्षणात कित्येक पट होतो. हे ऐन वळणात, आय-94 महामार्गाच्या एखाद्या खड्ड्यावर आणि मागच्या चाकाला झालं, तर गाडी सावरायला तुला वेळ मिळणार नाही. मूळ शॉकवर नुसत्या लोअरिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) स्प्रिंग घालायचा स्वस्त मार्ग म्हणूनच मला नको वाटतो. फोटोत गाडी छान दिसते, पण तू ती चालवायला घेतली आहेस.

कडकपणा किती, याचा एक सोपा अंदाज सांगतो. गाडीच्या वजनाने चाकाजवळ स्प्रिंग 25 सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला एकदा हिंदकळते. 6 सेंटिमीटर दबत असेल, तर दोनदा. घरगुती गाड्या एक ते दीडच्या दरम्यान असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीड ते दोनच्या. त्यापुढचा प्रदेश गुळगुळीत ट्रॅकचा. एक वरून दोनवर जायला स्प्रिंग चौपट कडक लागते, हेही ध्यानात ठेव. आणि पुढच्यापेक्षा मागची बाजू किंचित जलद हिंदकळायला हवी, म्हणजे उंचवट्यावरून गेल्यावर दोन्ही टोकं लवकर जुळतात आणि गाडी सपाट राहते. हे मॉरिस ओली यांनी 1930च्या दशकात कॅडिलॅकमध्ये, तुझ्या घरापासून तासाभराच्या आतच शोधून काढलं. तू बघितलेल्या सेटच्या स्प्रिंग रेटवरून (कडकपणाच्या आकड्यावरून) हे गणित मांडून मला पाठव. विक्रेता रेट सांगत नसेल, तर तो सेट यादीतून काढून टाक.

पैसे खर्च करण्याआधी आणखी एक गोष्ट. तुला एससीसीए या अमेरिकेतल्या मोटरस्पोर्ट क्लबच्या ऑटोक्रॉसला (शंकूंमधून वेळेवर गाडी चालवायच्या स्पर्धेला) जायचं आहे ना? तिथल्या स्ट्रीट वर्गात शॉक बदललेले चालतात, एक अँटी-रोल बार बदललेला चालतो, टायर 200 किंवा जास्त ट्रेडवेअरचे (टायर किती टिकतो याचा आकडा) हवेत. पण स्प्रिंग मूळच्याच लागतात. कॉइलओव्हर घातलेस की तू त्या वर्गातून बाहेर पडून पुष्कळ बदल केलेल्या गाड्यांसमोर उभी राहशील. पहिल्या हंगामात हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तर माझा सल्ला असा. बर्फ गेल्यावर उन्हाळी टायर घाल. पुढच्या स्ट्रटला कॅम्बर बोल्ट (चाकाचा झुकाव बदलू देणारे) लाव. या गाडीला पुढे मूळचा कॅम्बर जवळपास शून्य असतो, बोल्टने दीडेक अंश मिळतो आणि खर्च किरकोळ आहे. मात्र त्याआधी त्या वर्गाचे यंदाचे नियम वाच. चारही चाकांचं अलाइनमेंट (कोनांची जुळणी) करून घे, करताना तुझ्या वजनाएवढं काहीतरी चालकाच्या सीटवर ठेवायला सांग, आणि आकड्यांचा कागद जपून ठेव. टायरच्या खांद्यावर खडूने रेघा ओढून ऑटोक्रॉसला जा. रेघा बाजूच्या भिंतीपर्यंत पुसल्या गेल्या तर टायर दुमडतोय, म्हणजे हवा किंवा कॅम्बर कमी आहे. शॉक थकलेले निघाले तर मूळ स्प्रिंगला साजेसे चांगले शॉक घाल. हंगाम संपेपर्यंत वही ठेव: हवेचा दाब, हवामान, गाडीने काय केलं.

एवढं करूनही, जिंजरमनच्या ट्रॅकवर पूर्ण दिवस चालवल्यावर गाडी डोलते, टायरची बाहेरची कडच झिजते, आणि तू तक्रार त्या एका वाक्यात लिहू शकतेस, तर कॉइलओव्हर घे. मी आनंदाने बसवायला येईन. तेव्हा स्वस्त सेट घेऊ नकोस. शॉकचा दांडा वर-खाली होताना किती जोर लावतो याचा आलेख देणाऱ्या कंपनीचा घे. उंची 20 मिलिमीटरपेक्षा जास्त उतरवू नकोस. डॅम्पिंग (शॉकचा अडवण्याचा जोर) मऊ बाजूने सुरू करून एका वेळी एकच बदल कर. बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. उंची बदलायच्या थ्रेडना गंज न धरणारं ग्रीस लाव, नाहीतर एका हिवाळ्यात त्यांवरच्या कॉलर (फिरवायच्या कड्या) जागीच अडकून बसतील. इन्शुरन्सला कळव. मूळचे भाग पेटीत ठेव, गाडी विकताना ते लागतात.

टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या कडेचं तापमान मोजायचं पायरोमीटर माझ्याकडे आहे. ते पुढच्या शनिवारी येऊन घेऊन जा, आणि येताना गाडीच आण. लिफ्टवरची तपासणी माझ्या गॅरेजमध्येच करू. काकू थालीपीठ करणार आहे, तेव्हा जेवूनच जायचं.

तुझा,
काका