रिमास्टर ऐकताना आधी आवाज सारखा कर

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा चौथा अल्बम घेतलास, झकास. १९७१ची जुनी आवृत्ती आणि बँडचा गिटारिस्ट जिमी पेजने स्वतः लक्ष घालून काढलेला २०१४चा रिमास्टर (जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने घासूनपुसून काढलेली आवृत्ती) यांची तुलना करणार असशील, तर आधी दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घे. जरा मोठ्याने वाजतं तेच चांगलं, असं ठरवून कान मोकळे होतात. रिमास्टरवरचे निम्मे वाद इथेच मिटतात.

आणि रिमास्टर म्हणजे रिमिक्स नव्हे. तयार स्टिरिओ मिक्सवरच, म्हणजे सगळी वाद्यं आधीच एकत्र केलेल्या रेकॉर्डिंगवरच काम होतं, ड्रम्स वेगळे काढून पुढे आणलेले नसतात. (पर्यायी मिक्स हवे असतील तर डीलक्स आवृत्तीत दुसरी सीडी आहे. मला ती एकदा ऐकण्यापुरतीच वाटली.)

सुरुवात 'स्टेअरवे टू हेवन' या गाजलेल्या गाण्याने करू नकोस, ते इतकं कानावर पडलंय की नवं काही टिपलंच जात नाही. थेट शेवटचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' लाव. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जिन्याच्या तळाशी बँडचा ड्रमर जॉन बॉनमचे ड्रम्स मांडले होते आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने दोन माइक वरून सोडले होते. म्हणून ठोक्यामागे सगळं घर घुमतं. ती घुमणारी शेपटी कुठवर ऐकू येते, ते दोन्हींत नीट बघ. फरक असेल तर तिथे सापडेल.

मग 'गोइंग टू कॅलिफोर्निया'तलं मँडोलिन. तार कानाला टोचली, तर आवाजातला वरचा, तीक्ष्ण सुरांचा भाग जास्त उचललाय असं समज.

हेडफोन साधे चालतील. फोनमधला इक्वलायझर (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारी सोय) तेवढा बंद ठेव.