अळंबीचा फोटो खालूनही काढा

प्रश्न : ताई, आमच्या परड्यात माडाखाली पांढऱ्या छत्र्या उगवल्यात. सासूबाई म्हणतात, ही अळंबीच. फोटो पाठवते आहे. भाजी करू का? (वाचक, कुडाळ)

नका करू. फोटो पाहून ‘खा’ असं मी कुणालाही सांगत नाही. तुमचा फोटो वरून काढलेला आहे. त्यात पांढरी टोपी आणि तिच्यावरचे तपकिरी खवले, एवढंच दिसतं. वारुळाची अळंबी, म्हणजे टर्मिटोमायसिस, तिचा देठ मुळासारखा खोल जातो, थेट वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीपर्यंत. गवतात, परसात उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसही वरून तशीच पांढरी, भरदार. तिच्या टोपीखालचे पातळ पापुद्रे, ज्यांना कल्ले म्हणतात, ते कोवळेपणी पांढरे असतात आणि बीजाणू पिकले की हिरवट होतात. ही पोटात गेली की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. किड्यांनी कुरतडलेली असली की खायला हरकत नाही, असंही लोक सांगतात. ते खरं नाही. गोगलगायीला पचतं ते माणसाला पचेलच असं नाही. काही छत्र्यांचं विष तर शिजवूनही जात नाही, आणि त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, तोवर ते यकृताला भिडलेलं असतं. सासूबाई पूर्वी अळंबी आणायच्या ती कुठून, वारुळावरून की परड्यातून, हे त्यांना विचारून मला नक्की कळवा. पण या छत्र्या पातेल्यात नकोत.

प्रश्न : भीमाशंकरला फिरताना मोबाइलवर फोटो काढतो. टोपी पांढरीफटक येते. जाणकार म्हणतात, खालची बाजू दिसत नाही. मग छत्री उपटायची का? (वाचक, पुणे)

मुळीच नाही. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथलं काहीही परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि तशी गरजही नाही. खिशात छोटा आरसा ठेवा. छत्रीच्या बुडाशी तो तिरका धरला की कल्ले स्वच्छ दिसतात. फोकससाठी बोट आरशाच्या कडेवर नको, आतल्या प्रतिमेवर ठेवा. कल्ले देठाला चिकटलेत की सुटे आहेत, का कल्ल्यांच्या जागी बारीक छिद्रंच आहेत, हे कळल्याशिवाय ओळख पुढे सरकत नाही. वाळक्या फांदीवर पंख्यासारखी, राखाडी, केसाळ स्किझोफायलम असते. वरून तिच्याकडे कुणी बघतही नाही. आरशात पाहा, एकेक कल्ला लांबीत चिरलेला दिसेल. कोरड्या दिवसांत ते आत वळतात आणि पाऊस पडला की पुन्हा उघडतात. इतकी देखणी गोष्ट मला जंगलात क्वचित दिसते.

टोपी पांढरीफटक येते ती उजेड जास्त झाल्यामुळे. टोपीवर बोट ठेवा आणि पडद्यावर सूर्याचं चिन्ह येईल ते थोडं खाली ओढा. फ्लॅश बंद. ढगाळ उजेड सगळ्यात चांगला. ऊन आलंच तर आपल्या छत्रीची सावली करा आणि पुढून पांढरा कागद धरा, म्हणजे टोपीखालचा काळोख उजळतो. गुडघे टेकण्याआधी काठीने पाचोळा हलवून बघा, पाचोळ्यातली घोणस पटकन दिसत नाही. शिवाय शेजारी मोहरीएवढ्या कोवळ्या छत्र्या वर येत असतात, त्या चिरडतात. शेवटी एक फोटो जरा लांबून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. ती शेणावर आहे, मातीत आहे, कुजक्या ओंडक्यावर आहे की जिवंत झाडावर, हे त्यात दिसू द्या.

प्रश्न : रात्री चमकणाऱ्या बुरशीचा माझा फोटो काळाच आला. इतरांचे हिरवेगार कसे? (वाचक, ठाणे)

नुसत्या डोळ्यांनाही ती तितकी हिरवी दिसत नाही, फिकट पांढुरकी दिसते. कॅमेरा मात्र तीस सेकंद उजेड साठवत राहतो. ट्रायपॉड हवाच. लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ १६०० ते ३२००, वेळ ३० सेकंद. आधी टॉर्चच्या उजेडात फोकस धरा, मग ऑटोफोकस बंद करा आणि टॉर्चही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या. रात्री अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. चमकणारी काटकी घरी आणण्याचा मोहही आवरा. लाकूड सुकलं की चमक जाते.

प्रश्न : बांबूच्या बेटात सकाळी पांढरी जाळी ल्यालेली बुरशी दिसली. संध्याकाळी कॅमेरा घेऊन गेलो तर नुसता लोळागोळा. (वाचक, चिपळूण)

ती फॅलस इंडुसिएटस असणार. सकाळी ती अंड्यासारख्या गोळ्यातून वर येते, जाळी पसरते आणि बघता बघता ढासळते. टोकावरच्या चिकट, कुजक्या वासाच्या थराकडे माश्या येतात आणि बीजाणू घेऊन जातात. त्यांना हाकलू नका, त्या फोटोत हव्यातच. आसपास पांढरट अंडी असतील तर उद्या उजाडायच्या आत तिथे पोचा.