बी.कॉम. झालेल्याला विज्ञानाची जाहीर व्याख्यानं कळतात का?

प्रश्न असा आहे: 'सोलापुरात राहतो, शास्त्र दहावीनंतर सुटलं. विज्ञानाच्या व्याख्यानाला गेलं तर डोक्यावरून जाईल का?'

नाही जाणार, फक्त विषय बघून जा. कृष्णविवरापासून सुरुवात करू नका. आपल्या गावाचा विषय घ्या. सोलापूर पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने) २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथल्या ढगांवर कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडायचे. ते बाष्प ओढतात, थेंब मोठे होतात, एकमेकांवर आपटून जड होतात आणि पडतात. मिठाची बरणी पावसाळ्यात ओलसर का होते, हे माहीत असेल तर निम्मं व्याख्यान तुम्हाला आधीच कळलंय. (ढगच नसेल तर मात्र काही होत नाही. हे वक्त्याने सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.)

दुसरा सोपा विषय शून्य सावलीचा. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखालीच दडते. ऑगस्टमध्ये बहुधा ढग आडवे येतात, म्हणून मेच धरा. उन्हाला आपल्याकडे कमी नाही!

२८ फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास कॉलेजांच्या सूचनाफलकांवर नजर ठेवा. आणि पुढच्या रांगेत बसा, मागे नुसते सत्काराचे हार दिसतात.