वाचकांचे प्रश्न : पशुवैद्यकीय विद्यार्थी आणि गाव

प्रश्न : मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजना, अभ्यासमंडळ, वन्यजीव मंडळ, सांस्कृतिक मंडळ या सगळ्यांत नाव घाल, असे वरच्या वर्गातील विद्यार्थी सांगतात. वडील म्हणतात, आधी अभ्यास कर. सुटीत गावी गेलो की लोक 'डॉक्टर आला' म्हणून आजारी जनावर घेऊन येतात आणि इंजेक्शन देण्याचा आग्रह धरतात. मी काय करावे?
– एक विद्यार्थी, जालना जिल्हा

उत्तर : आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) एक वर्ष धरून साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम आहे आणि त्यात चार मंडळांना पुरेल एवढा वेळ उरत नाही, म्हणून वडिलांचे म्हणणे निम्मे तरी ऐकावे. आपल्या स्वभावाला जुळणारे एकच मंडळ निवडा. माझा स्वतःचा कल राष्ट्रीय सेवा योजनेकडे आहे, कारण तेथे दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर अपेक्षित असते आणि त्यातील बराचसा वेळ गावात घालवता येतो. मात्र दरवर्षी नवे गाव, नवा फलक आणि समारोपाचे छायाचित्र, एवढ्यावर शिबिर संपणार असेल तर त्यातून गावालाही काही मिळत नाही आणि विद्यार्थ्यालाही. एकच गाव चार-पाच वर्षे धरून ठेवावे, आणि वरचा वर्ग बाहेर पडताना त्याने त्या गावच्या नोंदवह्या खालच्या वर्गाच्या हाती द्याव्यात, असा आग्रह तुम्ही मंडळात धरा.

मंडळाच्या कामाचे वेळापत्रक परीक्षेच्या सोयीने न ठरवता गावच्या हंगामाने ठरवावे लागते. घटसर्प आणि फऱ्या या गुराढोरांच्या जीवघेण्या रोगांची लस पावसाळ्यापूर्वी टोचली गेली पाहिजे, कारण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. ऑगस्टमध्ये घेतलेले शिबिर त्या कामी उशिराचे ठरते. ज्वारी कोवळी असताना, विशेषतः पावसाने ताण दिला असताना, किराळ लागून, म्हणजे त्या कोवळ्या ताटांतील विष भिनून, धडधाकट जनावर काही वेळात दगावते. ही माहिती पेरणीनंतर लगेच घरोघर पोहोचली तरच तिचा उपयोग.

लसीकरणाच्या दिवशी सुई पशुवैद्यकाच्या हाती असते, पण विद्यार्थ्यांनी करण्यासारखे काम भरपूर असते. लसीच्या पेटीतील तापमान 2 ते 8 अंशांच्या दरम्यान आहे का, हे पाहणे, जनावराची ओळख पटवणाऱ्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक न चुकता उतरवून घेणे आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मालकाशी बोलणे. लाळ्या-खुरकुताच्या लसीनंतर दोन-चार दिवस दूध थोडे कमी होऊ शकते, हे आधी सांगितले नाही तर पुढच्या फेरीला तोच मालक दावणीपाशी उभेसुद्धा राहू देत नाही. त्या दावणीपाशी शिकायलाही मिळते. उदगीरकडच्या एखाद्या जुन्या पशुपालकासमोर देवणी गाय उभी करा. तोंडावरचा काळा रंग आणि अंगावरचे ठिपके पाहून ती देवणीच्या वानेरा, बालंक्या की शेवरा या उपप्रकारातली, हे तो क्षणात सांगतो. पुस्तकात तीन ओळींत आलेली गोष्ट तेथे नजरेत बसते.

आता इंजेक्शनविषयी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. तो तुम्हाला अजून नाही आणि गावाच्या प्रेमापोटीही तो हाती घेऊ नका. सुई न टोचताही तुम्ही मोठे काम करू शकता. जनावराने रवंथ कधी थांबवली, शेण कसे आहे, ताप किती, काय खाल्ले, हे नीट विचारून लिहून घ्या, पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या क्रमांकावर दूरध्वनी करा आणि येणाऱ्या डॉक्टरांच्या हाती ती टिपणे द्या. थोरांना नम्रपणे एवढेच सांगा : 'काका, शिक्षण पूर्ण होऊ द्या, तोवर डॉक्टरांना बोलावून आणण्याचे काम माझे.'

कुत्र्यांसंबंधीच्या उपक्रमात भाग घेणार असाल तर आधी स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी शाळेत बोलताना घोषणांपेक्षा कृती दाखवा : कुत्रा चावताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, हळद-चुना-मिरची काहीही भरायचे नाही आणि लगेच सरकारी दवाखान्यात जायचे. हा रोग एकदा दिसू लागला की जीव वाचणे जवळपास अशक्य असते. मुले ही गोष्ट घरी जाऊन सांगतात.

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत. मागे विद्यार्थी एक दिवस आले, सगळ्या शेळ्यांना जंताचे औषध पाजून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. त्यांना पुन्हा कसे बोलवावे?
– एक भगिनी, कंधार तालुका

उत्तर : ताई, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना सोबत घेऊन गटाच्या ठरावासह महाविद्यालयाच्या प्रमुखांना पत्र द्या. परभणी आणि उदगीर ही दोन्ही महाविद्यालये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहेत आणि विस्तारकार्य हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. मात्र पत्रात औषध मागू नका, शिकवणे मागा. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी अलगद खाली ओढली की आतला रंग दिसतो. तो लालसर असेल तर ठीक, पांढुरका असेल तर पोटातील जंत रक्त पीत असण्याची दाट शक्यता असते. हे तपासायला विद्यार्थ्यांनी गटातील प्रत्येकीला शिकवावे. सरसकट सगळ्या शेळ्यांना वारंवार औषध पाजल्याने जंत त्याला दाद देईनासे होतात, म्हणून गरज असेल तिलाच, वजन पाहून, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावे. पत्रात शेळ्यांची संख्या आणि वर्षभरात दगावलेल्या करडांची संख्या लिहा, आणि तुम्ही दिवसभर कामावर असल्याने शेळ्या घरी परतण्याच्या वेळी, संध्याकाळी, विद्यार्थ्यांनी यावे, असेही स्पष्ट कळवा.