एम-पेशी हा आतड्याच्या संरक्षणातील कच्चा दुवा आहे का?

आतड्याच्या अस्तरातील एम-पेशी आतड्यातील जंतूंना स्वतःहून आत घेतात, मग त्या आपल्या संरक्षणातील कच्चा दुवा नव्हेत का, असे आपण विचारले आहे. हेच मत मी अनेक वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या तोंडून ऐकले होते. तेव्हा मला ते धड खोडून काढता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

मी तेव्हा एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात नव्याने लागलो होतो. टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यात आतडे फुटलेल्या एका तरुण मजुराच्या शेषांत्राचा (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा) वीतभर तुकडा शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे आला. ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना कापून तपासण्याच्या, टेबलावर मी तो आंत्रबंधाच्या (आतड्याला पोटाच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याच्या) कडेने उघडला, कारण पायर्स पॅचेस, म्हणजे आतड्याच्या भिंतीतील संरक्षक लसिकापेशींचे चट्टे, त्याच्या समोरच्या बाजूला असतात आणि त्यांच्यावर कात्री चालवायची नसते. चार चट्टे सुजून वर आले होते. त्यांतील व्रण आतड्याच्या लांबीच्या दिशेने पसरलेले होते, क्षयाच्या व्रणांसारखे आडवे नव्हते, आणि एका चट्ट्याच्या मध्यभागी ज्वारीच्या दाण्याएवढे आरपार छिद्र होते. ते ज्येष्ठ सहकारी, म्हणजे आमचे सर, म्हणाले, "जिथे तुमची एम-पेशी बसते, नेमकी तिथेच भिंत फुटली. निसर्गाने तिथे भगदाडच ठेवले आहे." मी म्हणालो, "सर, भगदाड आणि दरवाजा यांत फरक आहे." त्यावर विद्यार्थ्यांदेखत ते हसले आणि ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) वेळेवर द्या, एवढेच म्हणाले. तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

टायफॉइडचा जिवाणू आत शिरतो तो ताप येण्याच्याही आधी, आणि आतडे फुटते ते बहुधा तिसऱ्या आठवड्यात. मधल्या काळात जिवाणू चट्ट्यातील भक्षकपेशींमध्ये वाढतात, त्या पेशींची तेथे गर्दी होते, चट्टा सुजतो आणि अखेर त्यातील ऊती मरते. भिंत फुटते ती या मृत ऊतीमुळे. एम-पेशीने काही आत घेतल्यामुळे भिंतीला भोक पडत नाही. शिवाय सॅल्मोनेला (टायफॉइडचा जिवाणू याच गटातला) काही निमूटपणे वाहून नेला जात नाही. उंदरांवरील प्रयोगांत तो एम-पेशीत स्वतःची प्रथिने टोचून बळजबरीने शिरतो आणि तिला मारतो, असे दिसले आहे. दरवाजा फोडून चोर आला तर दोष दरवाजा बसवणाऱ्याला देता येत नाही.

त्या दरवाजाचे काम मात्र अत्यंत नेमके आहे. १९७४ साली ओवेन आणि जोन्स यांनी मानवी पायर्स पॅचेसवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी पाहिल्या आणि पृष्ठभागावरील बारीक घड्यांवरून त्यांना 'मायक्रोफोल्ड' पेशी हे नाव दिले. शेजारच्या शोषक पेशींवर दाट सूक्ष्मांकुर (केसांसारखे बारीक उंचवटे) आणि जाड शर्करावेष्टन (शर्करेचा थर) असते, एम-पेशीवर दोन्ही तोकडे असतात. खालच्या बाजूला पेशी आत दबून खिसा तयार होतो व त्यात लसिकापेशी येऊन बसतात, त्यामुळे आतड्याची पोकळी आणि त्या लसिकापेशी यांच्यात पेशीद्रव्याची केवळ एक पातळ पट्टी उरते. उचललेला कण बहुतांशी न पचवता पलीकडे सोपवला जातो. तेथून तो द्रुमाकृती पेशींकडे (कण पकडून इतर संरक्षक पेशींना दाखवणाऱ्या पेशींकडे) जातो, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी तयार होतात आणि आतड्यात आयजीए प्रतिपिंड स्रवू लागते. नमुनाच मिळाला नाही तर ही यंत्रणा कशाच्या आधारे शिकणार? तोंडावाटे घ्यायच्या टायफॉइडच्या लशीतील क्षीण केलेले जिवाणूही याच वाटेने पायर्स पॅचेसमध्ये पोहोचतात. सरांना त्या दिवशी हेच सांगायला हवे होते.

आपण शिकवत असाल तर 'कच्चा दुवा' हा शब्द कृपया वापरू नका, विद्यार्थी तोच लक्षात ठेवतात. अर्थात हेही मान्य केले पाहिजे की शिगेला (आमांश घडवणारा जिवाणू) आणि पोलिओचा विषाणू यांनीही या पेशींचा फायदा उठवला आहे, म्हणजे येथे धोका नाही असे मी म्हणत नाही. तसेच सॅल्मोनेलाला ही एकच वाट नाही, द्रुमाकृती पेशीही त्याला आत ओढू शकतात.

शेषांत्राची साधी स्लाइड मिळाली तर लसिकापुंजावरचा (लसिकापेशींच्या गोळ्यावरचा) घुमट शोधा. तेथे रसांकुर (अस्तराचे बोटांसारखे उंचवटे) नसतात आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या चषकपेशी फारच थोड्या असतात. साध्या रंजनात एम-पेशी वेगळी ओळखता येणार नाही, पण ती त्याच आवरणात बसलेली असते.