गॅदरिंग आणि भिगवणसाठी टेलीफोटो लेन्स घेतोय. इमेज स्टॅबिलायझेशनसाठी जास्त पैसे मोजावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात कॅनन आर५० आहे, सोबत १८-४५ मिलिमीटरची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती). लांबचं टिपायला दुसरी लेन्स हवी. दुकानदार दोन दाखवतोय. आरएफ ७५-३०० स्वस्त आहे आणि ३०० पर्यंत जाते, पण तिच्यात आयएस (इमेज स्टॅबिलायझेशन) नाही. आरएफ-एस ५५-२१० मध्ये आयएस आहे, पण ती २१० ला थांबते आणि महाग पडते. मुलीचं गॅदरिंग, हिवाळ्यात भिगवणचे पक्षी आणि वर्षाकाठी एखादी ट्रिप, एवढ्यासाठी आयएस लागतं का, की नुसता कंपन्यांचा फंडा आहे?

आधी थेट उत्तर देतो: या दोघींतलीच एक घ्यायची असेल तर ५५-२१० घ्या. मात्र गॅदरिंगचे फोटो हलतात म्हणून आयएस घेत असाल, तर त्या एका कामात तुमची निराशा होईल. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते नीट समजून घेतलंत तर पुढची प्रत्येक लेन्स निवडताना कुणाला विचारावं लागणार नाही.

फोटो दोन कारणांनी हलतो. एक तर आपला हात हलतो, नाहीतर समोरचा माणूस हलतो. आयएस फक्त पहिल्यावर इलाज करतं. लेन्समध्ये छोटे जायरो सेन्सर असतात. कॅमेरा किती आणि कुठल्या दिशेला कलतोय हे ते सतत मोजतात, आणि त्यानुसार आतला काचांचा एक गट उलट दिशेला सरकवला जातो, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा जागची हलत नाही. स्टेजवर तुमची मुलगी गिरकी घेतेय, हे त्या जायरोला कळण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून लेन्स घेण्याआधी एक काम करा. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगचे बिघडलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि पूर्ण झूम करून बघा. मुलांचे हात-पाय पुसट आलेत, पण शेजारचा माईकचा स्टँड, मागच्या बॅनरवरची अक्षरं स्वच्छ आहेत? मग मुलं हलली, तुम्ही नाही. स्टँडही पुसट आलाय, बॅनरवरचं प्रत्येक अक्षर एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय? मग हात हलला. मी कुणालाही लेन्स सुचवण्याआधी असे पाच-दहा फोटो मागतो, कारण अंदाजाने बोलण्यापेक्षा हा पुरावा पक्का असतो. तिसराही एक प्रकार सापडेल: मागचा पडदा अगदी शार्प आणि मुलं मऊ. तो फोकसचा घोळ. त्यावर आयएसचा काडीचा उपयोग नाही.

आता गॅदरिंगचंच बघू. शाळेच्या हॉलमधला उजेड, नाचणारी मुलं. नाच गोठवायचा तर शटर स्पीड निदान १/२५० सेकंद हवाच, कोळीगीतासारखं जोरकस काही असेल तर १/५००. आणि शटर १/५०० वर नेलंत की हाताचा कंप तसाही जवळजवळ गळून जातो. मग आयएस करणार काय? इथे कमी पडतो तो उजेड, आणि उजेडाच्या बाबतीत ५५-२१० उलट मागे आहे. शेवटच्या टोकाला ती एफ/७.१ ला जाते (एफचा आकडा मोठा, तेवढा प्रकाश कमी), ७५-३०० एफ/५.६ ला राहते. दोन-तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० च्या घरात असताना तोही जाणवतो, हे मी नाकारणार नाही.

पण त्यावर उपाय ७५-३०० नाही. उपाय आहे ५० एफ/१.८ ही लेन्स. ५५-२१० ही ५५ वर असताना एफ/५ देते, एफ/१.८ म्हणजे त्याच्या जवळजवळ आठपट प्रकाश. जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ८०० वर भागेल. आरएफ ५० एफ/१.८ मध्ये आयएस नाही, आणि या कामात त्याची गरजही नाही. अट एकच, तुम्हाला पुढच्या दोन-चार रांगांत जागा मिळायला हवी. शाळेत वर्गशिक्षिकांना आधी सांगून ठेवलं तर बाजूच्या पायऱ्यांपाशी उभं राहू देतात, असा बऱ्याच पालकांचा अनुभव आहे. भाषण, एकपात्री, बक्षीस समारंभ यांत मात्र माणूस बराच वेळ स्थिर असतो. तिथे १/८० वर काम होतं आणि मागच्या रांगेतून २१० वर टिपताना आयएस खरोखर वाचवतं.

आणि व्हिडिओ. तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीत, पण मुलीचा नाच आहे म्हणजे व्हिडिओ काढणारच. फोटोत शटर वाढवून कंपावर मात करता येते. व्हिडिओत ती पळवाट नाही. आपल्याकडचे दिवे ५० हर्ट्झवर चालतात, त्यामुळे लुकलुक टाळायला शटर १/५० किंवा १/१०० ठेवावा लागतो, आणि शटर कितीही ठेवलात तरी फ्रेम हलते ती हलतेच. २०० मिलिमीटरवर आयएस नसताना हातात धरून काढलेला पाच मिनिटांचा नाच आजी-आजोबांना टीव्हीवर दाखवून बघा, त्यांना गरगरेल. आर५० मध्ये व्हिडिओसाठी डिजिटल स्टॅबिलायझेशन आहे, पण ते फ्रेमच्या कडा कापून काम करतं. शिवाय ७५-३०० ची फोकस मोटर जुन्या पद्धतीची आहे. तिची घरघर कॅमेऱ्याच्या माईकमध्ये उतरते. माझ्या मते एवढं एक कारणसुद्धा ५५-२१० कडे कौल द्यायला पुरेसं आहे.

टेलीफोटोत आयएस का लागतं आणि वाइड लेन्समध्ये नसलं तरी का चालतं, याचं गणित एकदा मांडून दाखवतो, कारण यावर फार हवेतल्या चर्चा होतात. समजा शटर उघडा असताना तुमचा कॅमेरा एका अंशाचा शंभरावा भाग कलला. डोळ्यांना दिसणारही नाही इतकं कमी. १८ मिलिमीटरवर सेन्सरवरची प्रतिमा सुमारे ३ मायक्रॉन सरकते. आर५० च्या एका पिक्सेलची रुंदी सुमारे ३.७ मायक्रॉन आहे. म्हणजे एक पिक्सेलही नाही, कुणाला कळणार नाही. तोच कंप ३०० मिलिमीटरवर ५२ मायक्रॉन होतो. चौदा पिक्सेल! फ्लेमिंगोचा डोळा त्यात पुसून जातो. हात तोच, कॅमेरा तोच, फक्त फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) बदलली.

यातूनच तो जुना ठोकताळा आला: जेवढी फोकल लेंग्थ, निदान तेवढ्या भागाचा शटर. आर५० चा सेन्सर लहान, म्हणून फोकल लेंग्थला १.६ ने गुणायचं. २१० वर साधारण १/३५०, ३०० वर १/५००. आयएस असेल तर यातून काही स्टॉप सूट मिळते. खोक्यावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. हातात धरून, गर्दीत धक्के खात असताना मी दोन ते तीन स्टॉप धरून चालतो. तरी १/३५० च्या जागी १/६० वर निभावतं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

इतिहासही हेच सांगतो. एसएलआर कॅमेऱ्याची आयएस असलेली पहिली बदलती लेन्स कॅननने १९९५ साली आणली, आणि ती होती ७५-३०० च. तंत्रज्ञान हाती आल्यावर त्यांनी ते आधी ५० मध्ये किंवा वाइडमध्ये बसवलं नाही. जिथे सगळ्यात जास्त नड होती तिथे बसवलं. २०२५ मध्ये आलेल्या आरएफ ७५-३०० मध्ये ते नाही, कारण ती लेन्स स्वस्तात विकायची आहे. बॉडीतच स्टॅबिलायझेशन असतं तर थोडं निभावलंही असतं. कॅननच्या आर७ किंवा सोनीच्या ६७०० मध्ये सेन्सर स्वतः हलून कंप भरून काढतो. आर५०, आर१०, आर१०० मध्ये ते नाही; निकॉनच्या झेड५० मध्ये नाही, सोनीच्या ६४०० मध्येही नाही. म्हणजे ज्यांच्या हातात पहिलावहिला कॅमेरा असतो त्यांच्याच बॉडीत ते बहुधा नसतं, आणि त्यांनाच बिनआयएसची स्वस्त टेली गळ्यात मारली जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. लोक वर्षभर हललेले फोटो काढतात, ‘आपल्याला जमतच नाही’ म्हणतात आणि कॅमेरा कपाटात जातो. (बॉडीत स्टॅबिलायझेशन असलं तरी लांब टेलीला लेन्समधलंच जास्त कामी येतं, वर दिलेल्या गणिताप्रमाणे ३०० वर प्रतिमा इतकी सरकते की सेन्सरला तेवढं हलायला जागा पुरत नाही.)

भिगवणला चित्र वेगळं. सकाळचं स्वच्छ ऊन, उजनीचं पाणी, नावेत तुम्ही. थवा उडाला की १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर लागतो, आणि तेवढा उजेड तिथे असतोही. म्हणजे नुसत्या शार्पनेसपुरतं बघाल तर आयएस नसलं तरी चालेल. तरीही तिथेच मला ते जास्त हवंसं वाटतं. कारण सांगतो: नाव डुलतेय, डोळ्याला व्ह्यूफाइंडर लावलाय, ३०० वर आहात, आयएस नसेल तर पक्षी चौकटीत ठरतच नाही. एकदा पायाशी, एकदा चौकटीबाहेर. शटर बटण अर्धं दाबल्यावर आयएस चालू होतं, क्षणभरात चित्र स्थिरावतं आणि फोकसचा चौकोन डोळ्यावर टिकून राहतो. नावेत ट्रायपॉड लावून काही साधत नाही, तो नावेबरोबरच हलतो. आता २१० पुरेल का? फ्लेमिंगोंचा थवा आणि मागचं पाणी असा फोटो हवा असेल तर पुरेल, एकाच पक्ष्याचा चेहरा हवा असेल तर नाही. मात्र त्यासाठी ३०० सुद्धा तोकडीच पडते. पक्ष्यांचा नाद खरंच लागला तर थोडं थांबा आणि आरएफ १००-४०० घ्या, तिच्यात आयएस आहे. केवळ २१० आणि ३०० मधल्या अंतरासाठी ७५-३०० घेऊ नका; ती शेवटच्या टोकाला तशीही मऊ आहे, तिथले फोटो कापून मोठे करण्यासारखे येत नाहीत.

ट्रिपचं म्हणाल तर अजिंठ्याला जा आणि आयएस काय करतं ते स्वतः पाहा. लेणी क्रमांक १ मधलं पद्मपाणीचं भित्तिचित्र. आत अंधुक उजेड, फ्लॅशला बंदी, ट्रायपॉड परवानगीशिवाय नेता येत नाही, आणि समोरचं चित्र तर जागचं हलणार नाही. आयएस जणू याच प्रसंगासाठी बनलंय. तुमच्या १८-४५ मध्ये ते आहे. १८ मिलिमीटर, एफ/४.५, आयएसओ १६००, कोपरं अंगाशी, श्वास सोडत १/८ वर चार-पाच फ्रेम घ्या. त्यातली एक तरी अशी येते की मुकुटावरची नक्षी मोजून घ्यावी. आयएस नसतं तर त्याच जागी १/३० धरावा लागला असता, म्हणजे आयएसओ ६४००, आणि भिंतीवरचे ते मातकट तांबडे रंग दाणेदार झाले असते.

लेन्स घेताना दुकानातच तपासा. २१० वर जा, आयएस बंद करून समोरच्या दुकानाच्या पाटीवर धरा, मग चालू करून तेच. चालू-बंद करायचं बटण काही लेन्सवर असतं, काहींसाठी कॅमेऱ्याच्या मेनूत जावं लागतं. फरक डोळ्यांना दिसेल. घरी आल्यावर भिंतीवरचं कालनिर्णय हॉलच्या दुसऱ्या टोकावरून टिपा: १/२५०, १/१२५, १/६०, १/३०, प्रत्येकी पाच-पाच फोटो. तिथीची बारीक अक्षरं कुठपर्यंत वाचता येतात ते बघा. तोच तुमच्या हाताचा आकडा. माझा किंवा कंपनीचा तुमच्या कामाचा नाही.

बजेट फारच आवळलेलं असेल तर तिसरा रस्ता आहे, आणि मला तो या दोन्हींपेक्षा आवडतो: जुन्या डीएसएलआरची ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम सेकंडहँड घ्या आणि ती आर५० ला बसवायला ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॉप्टर लावा. आयएस आहे, एफ/५.६ आहे, २५० पर्यंत जाते आणि शार्पही आहे. नाव नीट वाचून घ्या, शेवटी एसटीएम (कॅननची शांत फोकस मोटर) हवंच. त्याआधीच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत. सेकंडहँड घेताना शांत जागी बटण अर्धं दाबून कान लावा. हलकी गुणगुण चालेल. खडखड आली किंवा व्ह्यूफाइंडरमधलं चित्र अचानक उडी मारायला लागलं तर आयएसचा भाग बिघडलाय, ती लेन्स तिथेच परत करा.